राघूछापवाला बिराप्पा

बिराप्पानं सिनेमाची गोष्ट सांगितली की त्यातल्या हिरोला चहा प्यावाच लागे. मग तो जंगलात हरवलेला असो, नाहीतर फासावर निघालेला असो.

हुमनाबादेत राघूछाप चहाची एजन्सी माझी. बसस्टँडवर डोक्यावर पाटी घेऊन पुड्या विकल्या, कंपनीच्या साहेबाशी तीन तास हुज्जत घातली, तेव्हा ती मिळाली. पण जाहिरातीचा टांगा आणि भोंगा कंपनीनं दिला बिराप्पाच्या ताब्यात. हे मला कधीच पचलं नाही. टूरिंग टॉकीजला नवा सिनेमा लागला की हा तो बघून यायचा आणि दुसऱ्या दिवशी भोंग्यावरून गोष्ट सांगत गावभर फिरायचा.

"हिरोला लागली गोळी! आई रडायलीय. डाक्टर म्हनायलाय, आता इलाज न्हाई. तवा भैनीनं काय केलं? राघूछाप उकळला!"

हुलसूरचा एक शेतकरी सिनेमा बघून तणतणत माझ्याच दुकानात आला. "सावकार, हिरो सरबत पिलाय की! चहा कुठाय?" जणू चहाचा सीन मीच कापून ठेवला होता. बिराप्पाला झापलं, तर म्हणतो, "पिच्चरवाल्याची चूक हाय. मी काय करू?"

हेही सोसलं असतं. पण माझ्या दुकानासमोर गर्दी जमली की हा गोष्ट अर्ध्यात सोडायचा आणि टांगा मागच्या बोळाकडे न्यायचा. तिथं गिऱ्हाईक औषधालाही नाही.

"कामून तिकडं जायलास रे?"

"घोड्याला सावली लागती, सावकार."

एके दिवशी डोकंच फिरलं. आज शेवट इथंच सांग, नाहीतर कंपनीला कळवून टांगा काढून घेतो, असं ठणकावलं. त्यानं मान डोलावली आणि बोळातच गेला. मी अनवाणी मागं धावलो.

भोंगा बंद होता. बिराप्पा एका दाराशी उकिडवा बसून हळूहळू बोलत होता. आत त्याची थोरली बहीण. तिची एकुलती एक पोर लग्न ठरल्यावर तापानं गेली, तेव्हापासून अक्का उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. गावाला ठाऊक होतं. ती माझ्याच दुकानामागं राहते, हे मला ठाऊक नव्हतं.

"मग त्या पोरीचं लगीन झालं का रे?"

"झालं की! मांडवात समद्यांना राघूछाप!"

"खोटं बोलायलास. दर खेपेला लगीनच लावतोस." तेवढ्यात तिला मी दिसलो. "सावकार, तुमी बघितला का पिच्चर?"

परवाच बघितला होता. त्यातली पोर शेवटी विहीर जवळ करते. बिराप्पानं माझ्याकडे बघितलं नाही. तो खाली मान घालून चाबकाची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

"बघितला की, अक्का," मी म्हणालो. "झालं लगीन. नांदायला गेली पोर."

"सासर बरं हाय का?"

मी उंबऱ्याशी टेकलो. "नवरा चांगला हाय. सासू जराशी कडक हाय."

सगळंच गोड सांगितलं असतं, तर तिला पटलं नसतं.