साळूआत्याच्या बेचाळीस पावत्या

एका जंगलात एक नगरपालिका होती. हसू नका, मुलांनो. पूर्वी त्या जंगलात नुसता वाघ होता. तो कोणाला खाणार, ते निदान आधी कळायचं.

नगरपालिका कुठून आली, ते मला विचारू नका. एके सकाळी प्राणी उठले, तर ओढ्याकाठी एक इमारत उभी होती. तिच्यावर पाटी होती आणि आत जेवणाची सुट्टी चालू होती.

या जंगलात चार पायवाटा जिथे मिळतात, तिथे करंजाचं एक झाड होतं. त्याच्या मुळ्यांच्या बेचक्यात साळूआत्या बसायची. साळूआत्या म्हणजे साळिंदर. म्हातारी, ठेंगणी, अंगभर काटे आणि जिभेवर एकही नाही. सगळं जंगल तिला आत्याच म्हणायचं. वाघसुद्धा.

आत्याचा धंदा काटे काढण्याचा. जंगल म्हटलं की बोरीबाभळी आल्या आणि बोरीबाभळी आल्या की पायात काटा आलाच. गिऱ्हाईक लंगडत यायचं आणि दगडावर पाय ठेवायचं. आत्या आपल्या पाठीवरचा एक सुटा काटा उपसायची आणि विचारायची, "काय रे, काल काय जेवलास?" गिऱ्हाईक आठवायला लागायचं, तोवर पायातला काटा बाहेर. काट्यानं काटा काढतात असं म्हणतात ना, ते हिला बघूनच कोणीतरी म्हटलं असणार. मोबदल्यात कोणी कंद द्यायचं, कोणी बोरं. वाघ काही द्यायचा नाही. पण तो तिला खायचाही नाही, आणि तेवढं पुष्कळ झालं.

एकोणीस पावसाळे ती तिथे बसली. अशी बसली, की मुंगीलासुद्धा वळसा घालावा लागला नाही. गिऱ्हाईक जरा बाहेर उभं राहिलं, की म्हणायची, "बाबा, आत सरक. येण्याजाण्याची वाट आहे."

त्याच वाटेवर, बरोब्बर मधोमध, भिकाशेठ बसायचे. भिकाशेठ म्हणजे रानडुक्कर. कंदांचे व्यापारी. त्यांचा ढीग एवढा मोठा, की हत्तीला अंग चोरून जावं लागे. कोणी अडखळलं तर भिकाशेठच डाफरायचे, "डोळे फुटले काय? माल दिसत नाही?"

दर मंगळवारी नगरपालिकेचं अतिक्रमण पथक यायचं. सहा तरस आणि एक हातगाडी. पथकाचे प्रमुख तरसेसाहेब. ते लांबूनच ओरडायचे, "उचला रे!" सहा तरस भिकाशेठचे कंद गाडीत भरायचे आणि जप्तीची पावती फाडायचे. पावती म्हणजे पळसाचं पान, त्यावर शिक्का. बुधवारी सकाळी भिकाशेठ नवा ढीग लावायचे. पावत्या मात्र जपून ठेवायचे. का, ते तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

काम उरकलं, की पथक लंगडत करंजाखाली यायचं. रानातून धावून धावून त्यांच्याही पायांत काटे भरलेले असायचे. आत्या एकेकाला मोकळं करायची.

"आत्या, तुमच्यासारखी माणसं पाहिजेत," तरसेसाहेब म्हणायचे. त्या जंगलात ही शिवी धरत नसत.

मग एके दिवशी दवंडी पिटली गेली. येत्या पौर्णिमेपासून परवान्याशिवाय कोणीही बसायचं नाही. परवाना मिळेल तो फक्त खऱ्या आणि जुन्या विक्रेत्यांना.

आत्याला आनंद झाला. आपल्याहून जुनं आणखी कोण असणार? ती टुकूटुकू चालत ओढ्याकाठच्या इमारतीत गेली. खिडकीत खवल्या नावाचा कारकून बसला होता. खवले मांजराची खोड तुम्हाला माहीत असेलच. धोका दिसला, की ते अंगाचा गोळा करतं. खवल्याचा गोळा प्रश्न दिसला तरी व्हायचा.

"परवाना दे बाबा," आत्या म्हणाली.

"जुन्या विक्रेत्या आहात, याला पुरावा काय?"

"अख्खं जंगल सांगेल की."

"जंगल तोंडी सांगेल. लेखी काय आहे?"

"लेखी कशाला रे? एकोणीस वर्षं बसतेय मी तिथं. मागच्या शिमग्याला तुझ्याच पायातला काटा काढला होता ना?"

खवल्याचा गोळा झाला. आत्या थांबली. बऱ्याच वेळानं गोळ्यातून आवाज आला.

"आत्या, कोण कुठे बसतं याची नोंद नगरपालिकेकडे एकाच कागदावर असते. जप्तीच्या पावतीवर. तशा तीन पावत्या आणा. तीनदा बेकायदा बसलात हे एकदा सिद्ध झालं, की कायदेशीर बसता येईल."

"पण मला तर कोणी कधी उचललंच नाही."

"मग तुम्ही कधी बसलाच नाहीत," गोळा म्हणाला.

आत्या तडक तरसेसाहेबांकडे गेली.

"साहेब, मला उचला."

"हे काय भलतंच, आत्या!"

"उचला हो. तीनदाच फक्त."

तरसेसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही कोणाच्या आड येत नाही. अडथळाच नाही, तर उचलू कशी? माझी नोकरी जाईल. आधी अडथळा करा, मग बघू."

म्हणून दुसऱ्या दिवशी आत्या वाटेच्या मधोमध जाऊन बसली. पहिल्यांदा सांबर आलं. ते थबकलं आणि म्हणालं, "आत्या, बरं वाटत नाही का?" अस्वलानं तिच्या डोक्यावर पानांची सावली धरली. माकडांनी दोन्ही बाजूंना उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना शिस्तीत वळवलं. दुपारपर्यंत त्या वाटेवरची वाहतूक इतकी सुरळीत झाली, की नगरपालिकेनं तिथे 'आदर्श चौक' अशी पाटी लावली.

भिकाशेठना आत्याची दया आली.

"असं नसतं ओ, आत्या," ते म्हणाले. "अडथळा व्हायला अंगात गुर्मी लागते. टोपली आडवी लावायची. कोणी अडखळलं, की त्यालाच शिवी हासडायची. करा बघू."

आत्यानं टोपली आडवी लावली. एक ससा अडखळून पडला. आत्यानं मोठा श्वास घेतला.

"मेल्या," ती ओरडली, "लागलं तर नाही ना रे?"

भिकाशेठनी तोंड फिरवलं.

पौर्णिमेच्या आधीच्या मंगळवारी तरसेसाहेबांनाच राहवलं नाही. आत्यानं आजवर काढलेले काटे त्यांना आठवले असतील. कधीकधी साहेबांनाही असं होतं.

"अडथळा मी कागदावर दाखवतो," ते म्हणाले. "उचला रे!"

पण उचलणार काय? टोपलीत चार बोरं होती. आत्याचा खरा माल तिच्या पाठीवर. तेव्हा सहा तरसांनी आत्यालाच उचललं, आणि सहाही तरस एकदम केकाटले. बाराही पंजे काट्यांनी भरले होते.

"ठेवा रे पाय दगडावर," आत्या म्हणाली आणि काटे काढायला बसली. निघालेले काटे तरसेसाहेबांनी वेचून गाडीत टाकले, कारण तो आता जप्तीचा माल होता. त्यांनी पहिली पावती फाडली. मग त्यांच्या लक्षात आलं, की आत्यानं आत्ता जे काटे काढले, ते परवान्याशिवाय काढले. म्हणजे हा नवा गुन्हा, आणि तोही पथकाच्या डोळ्यांदेखत.

"उचला रे!"

पुन्हा तरस केकाटले. पुन्हा पंजे दगडावर आले. आत्यानं पुन्हा काटे काढले आणि दुसरी पावती फाटली. पण हे काटेसुद्धा परवान्याशिवायच काढलेले. तिसऱ्या वेळी तरस उचलण्याआधीच रडत होते. पण कायदा म्हणजे कायदा.

तीन पावत्या घेऊन आत्या धावत खवल्याकडे गेली. परवाना मिळाला. खाली लाखेचा शिक्का, वर वाघाची सही. आत्यानं तो छातीशी धरला. तिचे डोळे भरून आले.

"चला," ती म्हणाली, "आता सुखानं करंजाखाली बसते."

"करंजाखाली कसं?" खवल्या म्हणाला. "जागा ज्येष्ठतेनं मिळते. ज्याच्या पावत्या जास्त, तो ज्येष्ठ. भिकाशेठच्या एक्केचाळीस. त्यांचा पहिला नंबर. त्यांनी करंज घेतलं, सावली बरी आहे म्हणाले. तुमचा सत्तावन्नावा. तुम्हाला कातळमाळ."

कातळमाळ म्हणजे जंगलाच्या टोकाचा उघडा खडक. तिथे गवताचं पातंही उगवत नाही, मग काटा कुठला? गिऱ्हाइकाला चढूनच वर यावं लागायचं, आणि चढण सगळी बोरीबाभळींची. एक काटा घेऊन निघालेलं सांबर वर पोचेपर्यंत त्याचे चार झालेले असायचे. आत्या चारही काढायची. उतरताना त्याला पाच लागायचे. आत्या वरून बघत राहायची आणि तिचा जीव तुटायचा. नगरपालिकेच्या अहवालात मात्र आलं, की परवाना पद्धतीमुळे काटे काढण्याचा धंदा चौपट वाढला.

महिन्याभरात सांबरही यायचं बंद झालं. मग कोणीच येईना.

आत्या पुन्हा खिडकीशी गेली. "काय रे, ही ज्येष्ठता कधी बदलते का?"

"दर वर्षी नवी यादी लागते," खवल्या म्हणाला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "भिकाशेठ आता कायदेशीर झाले. त्यांना कोणी उचलत नाही. ते एक्केचाळीसवर अडकले." आणि गोळा होता होता तो हळूच पुटपुटला, "बेचाळीस झाल्या, तर करंज तुमचं."

मुलांनो, मला हे सांगायला बरं वाटत नाही. पण त्या दिवसापासून आत्या बदलली.

ती दर मंगळवारी वाटेच्या मधोमध बसायला लागली. टोपली आडवी लावायला लागली. परवाना कातळमाळाचा आणि बसणं वाटेवर, म्हणजे उचलायला सबळ कारण. पहिल्या शिव्या तिच्या घशात अडकल्या. मग जरा मोकळ्या झाल्या. पुढेपुढे ती अशा शिव्या द्यायची, की करंजाखाली आडवे झालेले भिकाशेठ मान डोलावून दाद द्यायचे.

पथक यायचं. "उचला रे!" पंजे भरायचे, आत्या ते रिकामे करायची, काटे गाडीतून गोदामात जायचे, पावती आत्याच्या हातात पडायची. मंगळवार पुरेनात, तेव्हा तरसेसाहेबांनी शुक्रवारही धरला.

"आत्या," ते म्हणाले, "तुमच्यामुळे यंदा विभागाचं उद्दिष्ट मुदतीआधी पूर्ण झालं. वरून शाबासकी आली."

एकदा अस्वल लंगडत आलं. "आत्या, जरा माझा पाय बघता?"

"आता नाही रे," आत्या म्हणाली. "पथक यायची वेळ झाली."

साळिंदराला नवे काटे येतात म्हणा. पण म्हातारपणी त्यांना वर्षानुवर्षं लागतात, आणि पथक वेळेवर यायचं. सगळ्या नगरपालिकेत वेळेवर येणारं तेवढंच एक खातं होतं.

वर्ष संपता संपता बेचाळिसावी पावती फाटली. नवी यादी लागली. पहिला क्रमांक साळूआत्या. मधल्या सगळ्या जागा भरलेल्या, म्हणून भिकाशेठ कंद आवरून कुरकुरत कातळमाळाकडे गेले. आत्या करंजाच्या मुळ्यांच्या बेचक्यात शिरली. परवाना तिनं खोडाला टांगला. पावत्यांची चळत मांडीशी ठेवली. पाठ टेकली आणि डोळे मिटले. तिला फार बरं वाटलं. एकोणीस वर्षं जी जागा तिचीच होती, ती अखेर तिला मिळाली होती.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून अस्वलच आलं. त्यानं दगडावर पाय ठेवला. आत्यानं सवयीनं पाठीवर हात नेला. हात इकडे फिरला, तिकडे फिरला आणि रिकामा पुढे आला. पाठ सोललेल्या कंदासारखी गुळगुळीत झाली होती. सुटा काटा सोडाच, घट्ट काटाही उरला नव्हता.

"तू थांब इथंच. मी आलेच," आत्या म्हणाली आणि धापा टाकत ओढ्याकाठी गेली.

"खवल्या, माझे काटे दे बाबा. गोदामात आहेत सगळे."

"देतो की," खवल्या म्हणाला. "त्यात काय? नियमच आहे. माल सोडवायचा तर पावती परत करायची."

"सगळ्या पावत्या?"

"जेवढ्या परत कराल, तेवढा माल."

"आणि पावत्या गेल्या, की माझा नंबर?"

खवल्याचा गोळा झाला.

आत्या परत आली. अस्वल अजून दगडावर पाय ठेवून उभं होतं. तिनं त्याला सगळं सांगितलं. काटे घेतले तर जागा जाते. जागा ठेवली तर काटे नाहीत. सांगताना ती हमसून हमसून रडली. अस्वलानं बराच वेळ विचार केला.

"जागाच ठेवा, आत्या," ते म्हणालं. "या वयात कुठं फिरणार तुम्ही? आमचं काय, लंगडायची आम्हाला सवय झाली आता."

त्यानं पाय उचलला आणि ते लंगडत निघून गेलं. आत्या त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं चारही वाटांकडे पाहिलं. सांबर लंगडत होतं. ससे लंगडत होते. माकडं लंगडत झाडावर चढत होती. लांबून वाघ येत होता, तोही लंगडतच. वर्षभर ती त्यांच्या वाटेत बसली होती आणि तिनं कोणाच्या पायांकडे पाहिलंच नव्हतं.

तात्पर्य : कोणाच्या वाटेत येऊ नये, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. शिकवू दे. जो वाटेत येत नाही, तो नगरपालिकेच्या लेखी जन्मालाच आलेला नसतो. म्हणून बाळांनो, आत्तापासून जरा आडवं बसायला शिका. कोणी उचललं तर पावती मागून घ्या. आणि हातात एखादं कसब असेल, तर ते वेळीच सोडा. परवान्याच्या अर्जात त्याला रकाना नाही.