तीस काटोल दूर

आमच्या शेजारच्या भोयरकाकांना किलोमीटर कळत नाहीत असं नाही, ते त्यांना पटत नाहीत. जगातलं कुठलंही अंतर ते काटोलमध्ये मोजतात. काटोलला त्यांची संत्र्याची बाग आहे, दर शनिवारी एसटीनं जातात, म्हणून नागपूरहून तिथवर एक काटोल. पुणे बारा काटोल. इथल्या रामदासपेठेतला दातांचा डॉक्टर म्हणजे काटोलची चिल्लर. मी पुष्कळ वाद घातला आणि शेवटी नाद सोडला.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, वैशालीला अंदमानात नर्सची नोकरी लागली. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात दोघंच. काका नकाशा आणि पट्टी घेऊन आमच्याकडे आले. सरळ रेषेत तीस काटोल भरले. मी म्हटलं, थेट विमान असतं तर अडीचेक तासांत पोचली असती, पण चेन्नईला विमान बदलावं लागतं आणि पुढं दोन-सव्वादोन तास नुसता समुद्र. तासांचं काकांना काही वाटलं नाही. त्यांची अडचण निराळी होती.

"काटोलले जाताना मधात कळमेश्वर येते. गाडी बिघडली त माणूस उतरून चहा तरी पेते. या समुद्रात उतराले जागा कुठं हाय गा?"

मी नकाशाची घडी घातली.

वैशाली निघाली तो दिवस भर उन्हाळ्यातला. काका सकाळपासून आमच्या सोफ्यावर. माझ्या मोबाइलवर विमानाचं चित्र निळ्या पाण्यावरून सरकत होतं. काका त्यावरची नजर हटवेनात, मलाही हटवू देईनात. बायकोनं दिलेला चहा गार झाला. समुद्राच्या मधोमध ते चित्र थांबलं. काकांनी त्यावर बोटानं टिचकी मारली. तिथं असं होतं, रेंज जाते, असं मी सांगत राहिलो, पण माझं मलाच खरं वाटेना. पोचायची वेळ टळली. वैशालीचा फोन बंद. काकांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं, ते दुखायला लागलं तरी सोडवून घ्यायचा धीर मला झाला नाही.

सहा वाजून गेल्यावर काकांच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. पडदा नुसता काळा. आमच्या अंगणात लख्ख ऊन होतं.

काका ताडकन उभे राहिले. "अंधार काहून हाय वं? कुठं हायेस तू?"

"खोलीवर हाय, बाबा. कधीचीच पोचली. बॅटरी संपली होती. इथं सूर्य लवकर बुडते आन् आत्ता लाइट गेला."

काका तिला फक्त जेवून घे म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले.

आता रोज संध्याकाळी, बाहेर ऊन असतानाच, त्यांच्या ओसरीवरचा दिवा लागतो. परवा न राहवून मी विचारलं, काका, एवढ्या उजेडात दिवा कशाला?

"पोरीकडं अंधार पडला असंन," ते म्हणाले. "एकटी बसून राहिली असंन. मीबी दिवा लावून बसतो. तेवढंच दोघं संगं बसल्यासारखं वाटते."