टोमॅटोची स्वारी आणि खिडकीचा तह

श्री. वाचणारांचे सेवेसी लिहिणाराचा अर्ज ऐसा की, विमा कचेरीतील हेडक्लार्क, श्रीमंत राजमान्य कुंडीबहाद्दर (हा किताब त्यांचा त्यांणीच घेतला) यांणी घरातल्या घरात टोमॅटो पिकविण्याची मोहीम मांडिली, तींत जे घडले ते काही न चोरिता लिहिले आहे. चोरण्याजोगे पुष्कळ होते, परंतु घराच्या भिंती पातळ, सबब सर्व ऐकू आलेच.

मोहिमेचे मूळ साडूंच्या अंगणात. साडूंनी आपल्या वेलावरील काकड्या एकेक करून दाखविल्या आणि हसत म्हणाले, "तुम्हा फ्लॅटवाल्यांचं हे काम नव्हे." तो शब्द श्रीमंतांच्या जिव्हारी लागला. मग तेथल्या तेथे जाहीर करून बसले की पाच महिन्यांनी जेवावयास यावे, ताटात घरचे टोमॅटो वाढू. बाईसाहेबांनी कोपराने ढोसले, परंतु बाण सुटोन गेला होता.

आधी हात बसावा म्हणोन मनी प्लँटावर चाल केली. त्यास दिवसांतून तीन वेळ पाणी पाजिले, तो नवव्या दिवशी मुळांसकट कुजोन पडला. मग कोथिंबीर पेरिली. तीस चहाचा चोथा इतका घातला की मातीतून कोथिंबीर न येता चिलटांची फौज आली आणि तिणे मातुश्रींच्या कपापर्यंत मजल मारिली. या दोन्ही लढायांस श्रीमंत 'प्रयोग' म्हणत, आणि घरचे काय म्हणत ते येथे लिहिण्याजोगे नाही.

शेवटी टोमॅटोची सहा रोपे हाती लागली. त्यांस ऊन पाहिजे, आणि घरात ऊन येणारी खिडकी एकच. त्या खिडकीशी बाईसाहेबांचे शिवणाचे मशीन चौदा वर्षे ठाण मांडोन होते. बाईसाहेब शाळेचे गणवेश शिवीत आणि त्यांचे सारे काम त्या उजेडावर. श्रीमंतांनी एका रविवारी मशीन उचलोन स्वयंपाकघरामागल्या बोळात ठेविले, ट्यूब लाविली, टेबलपंखा दिला आणि बंदोबस्त चोख जाहला ऐसे म्हणाले. आठवड्यात निळ्या गणवेशांस काळा दोरा लागला. पाच गणवेश उसवोन पुन्हा शिवावे लागले आणि बाईसाहेबांचे डोके तीन दिवस ठणकत राहिले.

मग तहाची बोलणी लागली. मातुश्री मध्यस्थ बसल्या आणि कलम ठरले की, महिनाअखेर एक तरी फळ, वाटाण्याएवढे का होईना, दिसले तर खिडकी श्रीमंतांची; न दिसले तर कुंड्या जिन्यात आणि मशीन जागेवर.

फुले तर भरभरून आली. परंतु आज उमलली ती परवा गळाली, आणि खाली पिवळा सडा पडत चालला. श्रीमंतांनी फोनवर व्हिडिओ पाहोन मसलत केली की मधमाश्यांचे काम आपण करावे, फुलाफुलावर मऊ ब्रश फिरवावा. मऊ ब्रश घरात एकच, तो दाढीचा. त्यांत जुना साबण सुकोन बसला होता हे ध्यानात कोणी घ्यावे? दोन दिवसांत फुले अशी कोमेजली की पाहवेना. त्या सायंकाळी श्रीमंत कचेरीचे कपडे न उतरिता कुंडीसमोर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "चुकलं माझं." बाईसाहेबांनी हे बोळातून पाहिले. त्यांस हसू आले आणि वाईटही वाटले.

दुसरे दिवशी मातुश्री भाजी निवडता निवडता सुनेस म्हणाल्या, "अगं, घरात वारा नाही. फुलं हलली नाहीत तर फळ धरणार कसं? पण त्याला सांगू नकोस. महिना संपायला तेरा दिवस राहिलेत, खिडकी तुझीच होईल."

बाईसाहेबांनी हे ऐकोन घेतले. मग उठल्या, बोळातला टेबलपंखा उचलिला आणि खिडकीशी नेवोन कुंड्यांवर सोडिला. श्रीमंत कचेरीस गेले की पंखा कुंड्यांवर, श्रीमंत परतायच्या आत पंखा बोळात, ऐसे रोज चालले. त्या स्वतः घामाने निथळत शिवीत बसल्या. मातुश्री म्हणाल्या, "वेडी आहेस." बाईसाहेब म्हणाल्या, "त्यांच्या साडूंपुढे त्यांचं तोंड पडलेलं मला नाही बघवणार, आई."

महिनाअखेरीस दोन दिवस उरले असता हिरवे फळ दिसले, वाटाण्याएवढे. मग काय विचारता! श्रीमंतांनी सतरा फोटो काढोन सगळ्या आप्तांस रवाना केले, ब्रशाची तारीफ केली आणि खिडकी कायमची आपली ऐसे फर्माविले. बाईसाहेबांचे नाव त्या खलित्यात कोठेच नव्हते. त्या शांतपणे म्हणाल्या, "खिडकी घ्या. पंखा माझा आहे." आणि पंखा बोळात जो गेला तो तेथेच राहिला.

पुढे फुले पुन्हा गळू लागली. श्रीमंतांनी धुतलेला ब्रश फिरविला, खत बदलिले, रोपांस बरेवाईट सर्व बोलोन पाहिले, परंतु फळ एकावर दुसरे होईना. साडूंची तारीख तर जवळ येत चालली. शेवटी हवालदिल होवोन मातुश्रींस शरण गेले, तेव्हां मातुश्रींनी पंख्याची हकीकत अथपासून इतिपर्यंत सांगितली आणि वर म्हणाल्या, "आता जाऊन तिच्याजवळ माग."

श्रीमंत बोळाच्या तोंडाशी पाऊण घटका उभे राहिले. माफीचे दोन शब्द जमविले. मग ते शब्द सोडोन वाकले, मशीन उचलिले, कंबरेत कळ आली तरी खाली न ठेविता थेट खिडकीशी नेले, कुंड्या एका बाजूस सारिल्या आणि म्हणाले, "इथे बस. उजेड चांगला आहे." बाईसाहेब बसल्या. पंखा बाईसाहेबांनीच असा ठेविला की अर्धा वारा आपणांस आणि अर्धा फुलांस.

फळे एकूण अकरा धरिली. साडूंनी दोन खाल्ली आणि काही बोलले नाहीत, ती मोठी फत्ते समजावी.

मग श्रीमंतांनी लिहिणारास बोलावोन हुकूम केला की, आम्ही उदार होवोन खिडकी बाईसाहेबांस बहाल केली आणि मोहीम सर्वस्वी आमच्या बुद्धीने तडीस गेली, ऐसे नमूद करावे. हुकुमाप्रमाणे नमूद केले आहे. हुकूम सांगत असता शेजारी मशीन जोरात चालत होते, त्यामुळे 'आमच्या' हा शब्द नीट ऐकू आला नाही, परंतु पुन्हा विचारण्याची हिंमत ना लिहिणारास जाहली, ना श्रीमंतांस पुन्हा सांगण्याची.