वाघचौरे सरांची बाज

वडील चिकलठाण्याच्या कारखान्यात होते. तो बंद पडला आणि वर्षभरात वडीलही गेले. मग आई दोराच्या बाजा विणायला लागली आणि आम्ही दोघी त्यावर जगलो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. पण गणिताची एम.एस्सी. अर्धवट सोडून बिडकीनला कारखान्यात कामाला लागायचं मी ठरवलं होतं.

आडवे आले शेजारचे वाघचौरे सर. गणिताचे निवृत्त प्राध्यापक, एकटेच राहायचे. या माणसाला जगात फक्त भोकं दिसायची. मला पाहायला आलेल्या मुलाला त्यांनी चहाआधीच विचारलं, "तुमच्या सदऱ्याला भोकं किती?" तो बिचारा बगला चाचपत बसला. ते स्थळ परत फिरकलं नाही. सरांचा हा पहिला उपकार.

दर महिन्याला सर डोक्यावर बाज घेऊन दारात हजर. "बाई, सैल झाली हो!" मग आई विणेपर्यंत पायरीवर बसून मला शिकवणं.

"दोर नको बघू पोरी, भोकं बघ! मेंदूत पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात. एकेक जोड वाढवत जा, बाजेसारखी मधे भोकं पडतात. काही भोकं लगेच बुजतात, काही लई टिकतात. टिकतात ती मोजायची. मेंदूची घडण तिथं कळते."

आई म्हणायची, "मेंदूला भोकं असत्यात व्हय? मग तुमच्यात लईच असतील."

"बरोब्बर!" सर खूश.

"अन् काम धरलंस तर हे कोण मोजणार?" ते मला रोज टोचायचे. मी एम.एस्सी. पुरी केली. पीएच.डी.च्या मुलाखतीत इंग्रजी अडकलं, तेव्हा हातांनी हवेतच बाज विणून भोकं दाखवली. निवड झाली.

पेढे घेऊन सरांकडे गेले. आठच दिवसांपूर्वी विणलेली बाज अंगणात उभी, आणि सर दोन्ही हातांनी तिच्या गाठी सोडत होते. आत त्यांची गादी जमिनीवर होती.

"सैल... झाली होती," सर पुटपुटले.

घरी येऊन आईला सांगितलं. ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "झिजलेला दोर अन् सोडलेला दोर मला कळत नाय व्हय? पहिल्यापास्नं माहीत हाय. त्यांना वाटतं, आपण या बाईला काम देतो. मी म्हणते, देऊ दे. तेवढंच माणूस दिवसभर माणसांत बसतं."

दुसऱ्या दिवशी सर बाज घेऊन आले. आईनं आधी चहा टाकला, मग दोर हातात घेतला.

यंदा मला मेंदूच्या गणितात पीएच.डी. मिळाली.