यानासाठी मिस्सा

शेजारच्या घरात कुणी अत्यवस्थ असावं, तशी चौकशी इनास मास्तर एका अंतराळयानाची करायचे. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला मी खाली उतरलो की आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडपलीकडे केळीची पानं हलायची, त्यांतून मास्तरांचं पांढरं डोकं वर यायचं आणि दबक्या आवाजात प्रश्न यायचा, "काय, काही कळलं का?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा आम्ही आगाशीला नवीन होतो. मला वाटलं, यांचं कुणीतरी आयसीयूत आहे आणि ते मला माहीत असायला हवं होतं. मी चेहरा जमेल तितका पाडून म्हणालो, "नाही हो. तुम्हाला?"

"नाही. पण त्यांनी अजून नाही म्हटलेलं नाही. तोवर आपणही म्हणायचं नाही."

"अर्थात. वर देव आहे."

"देव आहे हो," मास्तर म्हणाले, "पण मध्ये चॅनलवाले आहेत ना!"

मी वर येऊन बायकोला सांगितलं की शेजारचे मास्तर दुःखाने भ्रमिष्ट झालेत. तिने चौकशी केली. (बायकोला आठवडाभरात जेवढं गाव कळतं तेवढं मला अजून कळलेलं नाही.) मास्तर ठणठणीत होते. अत्यवस्थ होती ती 'व्हाया चंद्र' नावाची मालिका.

ही मालिका शनिवारी संध्याकाळी सातला लागायची. नाशिकचा कांदा भरून एक खटारा यान मंगळाकडे निघालंय आणि दर भागात भलत्याच ग्रहावर उतरतंय, अशी गोष्ट. मधुमेहाचा कप्तान, प्रत्येक बिघाडावर लाथ घालणारा मेकॅनिक, आणि पृथ्वीवरच्या ऑफिसात एक बाई, जी संकटाच्या क्षणी नेमकी डबा खायला गेलेली असते. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी कप्तान कमरेला दोरी बांधून यानाबाहेर गेला, आतून दाराची कडी अडकली, पडदा काळा झाला आणि अक्षरं आली, 'लवकरच भेटू'. त्याला बराच काळ लोटला होता. कप्तान बाहेर लोंबकळत होता आणि त्याच्याबरोबर आमचे मास्तर.

मास्तर म्हणजे इथल्या जुन्या ख्रिस्ती वाडीवाल्यांपैकी. उंच, पाठीत वाकलेले, बुशशर्टाच्या खिशाला लाल आणि निळं अशी दोन पेनं. प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी लाल पेन सुटलं नव्हतं. बायको जाऊनही बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. घर वडिलांचं, पण ते अर्धंच त्यांचं. आमच्या गॅलरीतून पाहिलं की एकाच घराचं छप्पर मध्ये चिरल्यासारखं दिसतं: अलीकडे कौलं, पलीकडे निळा पत्रा. पत्र्याखाली त्यांचा धाकटा भाऊ पास्कू आणि त्याची बायको मेरी. विहिरीवरची मोटर कुणी किती वाजता लावायची यावरून दोघा भावांचं बिनसलं, आणि घराच्या मोठ्या खोलीत मधोमध भिंत उभी राहिली. त्यानंतर विहीर आटली, मोटर भंगारात गेली, दोघेही टँकरचं पाणी घेऊ लागले. भिंत तेवढी राहिली. दोघांचं बोलणं तेव्हापासून बंद.

मास्तर मालिकेबद्दल मलाच का विचारायचे, त्यालाही कारण होतं. "तुम्ही मीडियात ना?" त्यांनी एकदा विचारलं. मी एका वर्तमानपत्रात छोट्या जाहिराती घेतो. नाव बदलले आहे, पाकीट हरवले आहे, आणि मुख्यत्वे करून दुःखद निधन. ते मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं.

"म्हणजे ओळखी असतीलच."

"आहेत की," आतून बायको म्हणाली, "फक्त ज्यांच्याशी ओळख होते ते सगळे नुकतेच वारलेल्यांच्या घरचे."

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "चॅनलवाल्यांच्या घरीही कधीतरी कुणी वारेल."

इतका काळाकुट्ट आशावाद मी दुसरा पाहिलेला नाही.

चाहत्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यात सांगली, नांदेड, डोंबिवली, कुठकुठची कॉलेजातली पोरं. वयाने सगळ्यांत मोठे मास्तर, त्यामुळे वर्ग आपोआप त्यांच्याकडे आला. कुणी ठोकून दिलं की तिसरं पर्व दिवाळीत येतंय, की मास्तरांचा संदेश: "बातमीचा आधार द्यावा. नसल्यास ओळीने उभे राहावे." कुणी लिहिलं की आता आशा नाही, की मास्तर: "वर्गात रडू नये."

आणि शकुन तर किती! कप्तानाचं काम करणाऱ्या नटाने दाढी वाढवली, म्हणजे शूटिंग सुरू होणार. कारण अंतराळात दाढी करायला वेळ कुठला? पंधरवड्याने त्याने दाढी काढली. ग्रुपवर सुतक. मास्तरांनी समजूत घातली की हेल्मेट नीट बसावं म्हणून काढली असेल.

मग एके दिवशी ते स्वतःच आमच्याकडे आले. चेहरा पांढरा. सोफ्याच्या कडेला बसले. "दार दिसलं," म्हणाले.

"कसलं दार?"

"यानाचं. दुपारी सासू-सुनेची मालिका लागते ना, त्यात त्या सुनेच्या स्वयंपाकघराला लावलंय. गुलाबी रंग दिलाय. पण उजवीकडे पोचा आहे, मेकॅनिकच्या लाथेचा. तो पोचा मी कुठेही ओळखेन."

बायकोने चहा ठेवला. मी म्हणालो, "मास्तर, सेट मोडला म्हणजे..."

"दार नवं करता येतं," मास्तर म्हणाले. चहा तसाच ठेवून गेले. आमच्या घरी माणसं सहसा चहा पिऊन मग निराश होतात.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मिस्सा लावली.

हे जरा समजावून सांगायला हवं. मिस्सा म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना; कुणी ती आपल्या नावाने लावली की फादर ती सुरू करताना हेतू वाचून दाखवतात. अमक्याच्या आत्म्यासाठी, तमकीच्या नोकरीसाठी, लग्नाच्या वाढदिवसाबद्दल. आणि ज्याला उघड सांगायचं नसतं, तो लिहितो: विशेष हेतूसाठी. फादरनी वाचलं, "इनास मास्तर यांच्या विशेष हेतूसाठी." पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा.

झालं! एकट्या म्हाताऱ्या माणसाला एवढा लागोपाठ विशेष हेतू कशाला लागेल? लग्नाचं वय गेलेलं, नोकरी संपलेली, पासपोर्ट नाही. उरतो तो एकच आजार, आणि त्याचं नावही कुणी मोठ्याने घेत नाही. गाव मास्तरांकडे लोटलं. कुणी वेलची केळ्यांचा फणा आणला, कुणी गावठी अंडी. बायकांनी येऊन त्यांच्या आल्तारापुढे, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यापुढे, जपमाळ घेऊन रोजरी म्हटली. एका जुन्या विद्यार्थ्याने तर, भिजलेल्या डोळ्यांनी, चौथीत चोरलेली फूटपट्टी परत केली.

"तुम्ही सांगत का नाही त्यांना?" मी चिडून विचारलं. मलाही एव्हाना त्यातली बरीचशी अंडी खावी लागली होती.

"प्रार्थना चालू आहेत ना? चालू दे. हेतू माझा, ताकद त्यांची."

आणि मग ती संध्याकाळ आली, जेव्हा मी मास्तरांकडे बसलो होतो आणि भिंतीपलीकडची मेरी दारात उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हातात स्टीलचा डबा, डोक्यावरून पदर. मास्तर उठले ते खुर्ची मागे पाडूनच.

"पेज आनलीय," ती आत न येता म्हणाली. "बोंबलाची चटनी आहे. तिखट कमी घातलंय."

"ये की आत, मेरी."

ती आली. डबा टेबलावर ठेवला, पण हात झाकणावरच. "भावजी, डाक्टर काय बोलला?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. एक 'बरं वाटतंय आता' एवढं पुरलं असतं. निम्म्या गावाची एवढ्यावरच बोळवण झाली होती. पण चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून उभं केलेला माणूस, घरच्या माणसापुढे त्याची जीभ वळेना.

"डॉक्टरकडे गेलोच नाही, मेरी. मला काही झालेलं नाही."

"मग मिस्सा?"

"ती मालिकेसाठी."

"कसल्या मालिकेसाठी?"

"ती यानाची. शनिवारची. पुन्हा सुरू व्हावी म्हणून."

मेरीने डबा उचलला.

"तिकडं मानूस रात रात जागा असतो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. "भित्तीला कान लावून बसतो, तुम्ही खोकता का ते ऐकाला. पानी गोड लागत नाय त्याला. मीच बोलले, जाते मी, तुला लाज वाटते तर. आनि तुम्ही टीव्हीसाठी देवाला कामाला लावलंय!"

"मेरी, ऐक..."

"त्याला काय सांगू आता? सांगा! मास्तर हाय ना तुम्ही!"

ती गेली. पेजही गेली. पायरीवर तिच्या सपातांचा आवाज, मग पलीकडचं दार लागल्याचा आवाज, मग भिंतीपलीकडून पुटपुटणं, आणि मग काहीच नाही.

मी खुर्ची उचलून सरळ केली. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "जाऊन सांगा ना त्याला सरळ. चार पावलांवर तर आहे."

"काय सांगू?"

"हेच. की बरा आहे मी."

मास्तर खाली बसले. उन्हं उतरून खोलीत केळीच्या पानांचा मळकट हिरवा उजेड आला होता. बराच वेळ ते लाल पेनाचं टोपण काढत-घालत राहिले.

"पास्कूला विनोद उशिरा कळतो," शेवटी म्हणाले. "लहानपणापासून. सगळे हसून झाले की हा सुरू व्हायचा. आई म्हणायची, याची बस मागाहून येते. शनिवारी तोही तीच मालिका लावायचा. मला ठाऊक नव्हतं. एकदा तो मेकॅनिक लाथ घालायला गेला आणि त्याचाच बूट तरंगत निघून गेला, तेव्हा मी हसलो. हसून थांबलो. आणि भिंतीतून आवाज आला. शेवटी नाकातून फुर्र करतो तो, तसा अजून करतो. तेव्हापासून दर शनिवारी मी खुर्ची इथे ओढायचो. आधी मी हसायचो, मुद्दाम मोठ्याने. मग गप्प बसून वाट बघायची. यायचाच."

मी भिंतीकडे पाहिलं. गिलावा केलेली, चुना दिलेली, साधी भिंत. तिच्यापाशी फरशीवर खुर्चीच्या पायांचे ओरखडे होते.

"यान सुटो नाहीतर अडको," मास्तर म्हणाले, "मला काय करायचंय त्या कांद्यांचं?"

चॅनलचं जाहीर निवेदन त्याच महिन्यात आलं. चार ओळी, प्रेक्षकांच्या प्रेमाबद्दल आभार, आणि 'व्हाया चंद्र' परत येणार नाही. ग्रुपवर पोरांनी रडक्या चेहऱ्यांची रांग लावली आणि मग एकेक जण ग्रुप सोडून गेला. यावेळी कुणाला ओळीने उभं राहायला सांगितलं गेलं नाही. चर्चमध्येही हेतू वाचायचा थांबला. खरी गोष्ट एव्हाना सगळ्यांना कळली होती. केळ्यांचे फणे बंद झाले आणि बाजारात लोक मास्तरांना पाहून गालात हसू लागले. त्यांना त्याचंही काही वाटलं नाही. सकाळी केळीची पानं हलेनाशी झाली, एवढाच फरक. 'काय, काही कळलं का' ऐकू येईना, तर मलाच चुकल्यासारखं वाटायचं.

म्हणून एका शनिवारी मी त्यांच्याकडे गेलो. सातला थोडा अवकाश होता. बायकोने मेथीचे ठेपले दिले होते. दार उघडंच. मास्तर भिंतीपाशी खुर्ची ओढून बसले होते, समोर टीव्ही चालू. त्या वेळेला आता लहान मुलांच्या गाण्यांची स्पर्धा लागते. एक मुलगी खूप वरच्या पट्टीत गात होती. तेच गाणं, तेवढ्याच मोठ्याने, भिंतीतूनही येत होतं.

मास्तरांनी मला बोटाने गप्प बसायची खूण केली. रिमोट उचलला आणि चॅनल बदललं. बातम्या लागल्या. भिंतीपलीकडे मुलगी अजून गात होती. मग ती मध्येच तुटली, आणि भिंतीतून बातम्या येऊ लागल्या.

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. कुठल्याशा शेतकी कार्यक्रमात डाळिंबावरच्या रोगाबद्दल एक गृहस्थ संथपणे बोलत होते. आम्ही थांबलो. थोड्या वेळाने भिंतीपलीकडेही डाळिंब आलं.

दोघे म्हातारे आपापल्या बाजूला बसून डाळिंबावरचे डाग ऐकत राहिले. हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

मग मास्तरांनी टीव्ही बंद केला. पलीकडे ते गृहस्थ आणखी एक वाक्य बोलले, आणि तिकडेही शांत झालं. उठल्याचा आवाज नाही, दाराचा नाही, पावलांचा नाही.

"बसलाय," मास्तर अगदी हळू म्हणाले.

मी ठेपले टेबलावर ठेवले आणि चपला हातात घेऊन बाहेर पडलो.