चुना मारलेला खड्डा

पाहुण्यांपुढे नीटनेटकं कसं राहावं, हे अख्ख्या जबलपुरात कोणी शिकवावं तर आम्ही! आमचे वडील विष्णुपंत खमरियाच्या सरकारी दारूगोळा फॅक्टरीतून रिटायर झालेले. मोठे साहेब इन्स्पेक्शनला यायचे म्हटले की झाडाच्या बुंध्यालाही गेरू-चुना फासणारी ती पिढी!

मी कचऱ्यापासून वीज करणाऱ्या एका खाजगी कंपनीत मॅनेजर. जागा सरकारची, कचरा जनतेचा, कर्ज बँकेचं आणि शिव्या माझ्या, असा आमचा भागीदारीचा कारभार. बँकेच्या साहेबांसमोर प्लांट चालवून दाखवला की पुढचं कर्ज सुटणार, नाहीतर प्लांट बंद आणि मी घरी.

साहेब यायच्या आदल्या दिवशी बाबा सहज प्लांट बघायला आले आणि नाकाला रुमाल लावून उभे राहिले. "उद्या साहेब येऊन राहिले अन् हा ढीग काहून ठेवला रे? काही लाज?"

पटलं! मी सुपरवायझर बंटीला हाक मारली. "बंटी भैया, सगळं चकाचक पाहिजे. कचरा जुन्या डेपोत हलव. उद्या साहेब जाईपर्यंत एकही गाडी आत घ्यायची नाही!"

"सर, खड्डा भी खाली करना है?"

"खड्डा भी!"

संध्याकाळपर्यंत कचऱ्याचा तो अवाढव्य खड्डा धुऊन, चुना मारून तयार. काठाला गेरूची पट्टीसुद्धा! बाबांनी एक फेरी मारून समाधानानं मान हलवली.

सकाळी बँकेचे देवदत्त साहेब आले. हार झाले, नारळ फुटला. "चलो, चालू कीजिए," साहेब म्हणाले. मी ऐटीत बटण दाबलं. क्रेनचा पंजा खाली गेला, तळाला खणकन आपटला आणि रिकामाच वर आला. पुन्हा गेला. पुन्हा रिकामा!

"कचरा किधर है?"

"येऊन राहिला, सर!" असं म्हणून मी कचरा आणायला बंटीला जवळच्या सराफ्यात पिटाळलं आणि बाबांना घमापूरच्या भाजीबाजारात; डेपोतून गाडी यायला तर दुपार झाली असती.

थोड्याच वेळात बंटीचा फोन. "सर, ये लोग छोड़ नहीं रहे!" सराफ्यातले सोनार दुकानातला केरसुद्धा जपून ठेवतात, त्यात सोन्याचे कण असतात. हा पठ्ठ्या थेट केराच्या डब्यालाच हात घालायला गेला होता! त्यांनी त्याला चोर म्हणून बसवून ठेवलं.

तेवढ्यात बाबा पिशवी घेऊन परतले. मी झडप घातली. आत हिरवीगार मेथी!

"बाबा, सडकी भाजी आणायला सांगितली होती ना!"

"समोर ताजी मिळून राहिली अन् मी सडकी उचलू? येडा समजतो का मला?"

साहेब घड्याळ बघायला लागले. माझ्या तोंडातून निघून गेलं, "सर, क्या है, हमारा शहर इतना साफ है कि कचरा बनता ही नहीं!"

साहेब एकदम खूश! त्यांनी माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. मी म्हटलं, सुटलो!

आठवडाभरानं त्यांचा फोन आला. "बधाई हो! आपकी बात बोर्ड ने मान ली. जहाँ कचरा ही नहीं, वहाँ प्लांट को लोन किसलिए?"

सध्या मी घरीच असतो. सकाळी कचरागाडी आली की डबा मीच नेऊन देतो. कचरा भरपूर निघतो हो!