किटली अधिक आत्या

टपाल खात्याने देशांतर्गत पार्सलांच्या दरांचे सुसूत्रीकरण केले. परिपत्रकात 'वाढ' हा शब्द कुठेही नव्हता, त्यामुळे दर दुप्पट झाल्याचे आम्हाला खिडकीवर गेल्यावरच समजले.

आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको. ती मातीच्या किटल्या बनवते आणि ऑनलाइन विकते. मी त्या खोक्यात भरतो. अकरा वर्षे विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारल्यावर तिने नोकरी सोडली, मागच्या गॅलरीत भट्टी बसवली, आणि वर्षभरात दुकान उभे राहिले नाही तर पुन्हा त्याच टेबलावर जाऊन बसेन, असे चारचौघांत बोलून बसली. त्याला नऊ महिने झाले होते. ते टेबल तिच्या स्वप्नात येऊ लागले होते आणि मला तिच्याकडे बघवत नव्हते.

खिडकीवरच्या साहेबांनी आमचे खोके टेपने मोजले.

"आकारमानी वजन साडेतीन किलो."

"अहो साहेब, किटली नऊशे ग्रॅमची आहे," मी म्हणालो.

"किटली असेल नऊशेची. बाकीची हवा आहे."

"हवेचे पण पैसे?"

"हवा तुमची, खोकं तुमचं. खात्याने फुकट का वाहून न्यायची?"

घरी येऊन नीट पाहिले, तेव्हा ही सगळी हवा तोटीमुळे येते असे निष्पन्न झाले. तोटी पुढे आलेली असते आणि खोके तिच्या टोकापर्यंत घ्यावे लागते. बायकोने दोन दिवस विचार केला आणि जड मनाने बिनतोटीची किटली काढली. पोस्टेज एक तृतीयांशाने उतरले. पहिल्या ग्राहकाने लिहिले, "फुलदाणी सुंदर आहे. झाकण कशाला दिलंय ते कळलं नाही." दुसऱ्याने फक्त भाजलेल्या अंगठ्याचा फोटो पाठवला. तोटी परत आली, हवाही परत आली.

पोस्टेज ग्राहकाकडून घ्यावे तर ग्राहक पळतो. किटलीला वाट्टेल ते मोजायला त्याची ना नसते, पण पोहोच फुकट हवी. किटलीपेक्षा पोस्टेज महाग झाले त्या आठवड्यात आमच्या दुकानाच्या पानावर एकच माणूस येऊन गेला. तो मी होतो. पान चालू आहे का ते बघायला गेलो होतो.

त्याच सुमारास माझी आत्या मैत्रिणीकडे जायला निघाली. हाती उरलेली एकुलती एक ऑर्डर नेमकी त्याच गावची होती.

"आत्या, जाताजाता एवढी किटली पोचवाल का?" बायकोने विचारले.

आत्याने किटली मांडीवर घेतली आणि ती बसमध्ये बसली. ज्येष्ठांना तिकीट अर्धे, मांडीवरच्या सामानाला तिकीट नाही. मी कागदावर हिशेब मांडला, मग दुसऱ्या कागदावर मांडून पाहिला. किटली एकटी गेली असती तर जेवढे पडले असते, त्याच्या निम्म्यात ती आत्याला सोबत घेऊन गेली होती. किटली अधिक आत्या हे नुसत्या किटलीपेक्षा स्वस्त होते. म्हणजे आत्या हे बाजारातले सर्वांत किफायतशीर पॅकिंग होते, पण हा शोध बायकोने मला घराबाहेर बोलू दिला नाही.

त्याच दिवशी परत येणारी आत्या चार दिवसांनी उगवली. मैत्रीण घरी नव्हती, म्हणून ती ग्राहकाकडेच राहिली होती. आता एकच तारा मिळणार, या भीतीने आम्ही अभिप्राय उघडला.

"किटली बरी आहे. आत्या उत्तम. आल्याआल्या कपाटाचं दार बसवून घेतलं, मला डॉक्टरकडे नेलं, आणि शेजाऱ्यांशी तीन वर्षं बंद असलेलं बोलणं सुरू करून दिलं. पाच तारे. पुढच्या वेळी हीच आत्या मिळेल का?"

त्या आठवड्यात एकोणीस ऑर्डरी आल्या. आत्या एकटी पुरेना, म्हणून दोन्हीकडचे साठीपुढचे नातेवाईक कामाला लावले. दुकानाच्या पानावर किटलीच्या रंगाखाली निवडीचा आणखी एक रकाना आला: मावशी (बोलकी), मामा (घोरणारे), मोठे काका (काहीच न बोलणारे). मोठे काका सर्वांत आधी संपले. एका ग्राहकाने मामांना सात दिवसांच्या मुदतीत, मूळ अवस्थेत परत पाठवले. किटली मात्र ठेवून घेतली. मामांना ते फार लागले. ते आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत, म्हणून तेवढ्यापुरते आम्ही त्यांना काकांच्या रकान्यात टाकले.

पार्सले घटल्याचे खात्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. नवे परिपत्रक निघाले. विक्रीच्या वस्तूसोबत प्रवास करणारी व्यक्ती यापुढे 'सजीव वेष्टन' समजली जाईल व तिच्यावर आकारमानानुसार शुल्क लागू राहील. आत्याला खिडकीवर न्यावे लागले.

साहेबांनी टेप काढली. "हात जवळ घ्या, आजी. पसरलेत तर दर वाढेल."

"आजी कुणाला म्हणतोस? आणि रुंदी मोजलीस तर याद राख."

"मी कुठे मोजतोय? खातं मोजतंय. नाजूक आहात का? नाजूकचा शिक्का वेगळा आहे."

"दोन्ही गुडघे नवीन बसवलेत."

"म्हणजे सुटे भाग." साहेबांनी लिहून घेतले. "आत हवा किती?"

"सकाळपासून तीच आहे," आत्या म्हणाली. "काल राजमा खाल्ला."

आत्याचे आकारमानी वजन दोनशे चाळीस किलो भरले. तेवढ्या पैशांत आमची भट्टी जाऊन परत आली असती. घरी आल्यावर बायकोने कपाटातून ऑफिसला घालायच्या जुन्या चपला काढल्या आणि पुसत बसली. मला फार वाईट वाटले. मी उगाचच एक रिकामे खोके टेप लावून बंद केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात साहेब. हातात परिपत्रक.

"कलम अकरा वाचलंत का? स्वतःच्या नातेवाइकाला भेटायला जाणाऱ्याने सोबत काहीही नेलं तरी शुल्क माफ आहे."

"मग काल का नाही बोललात?" बायको उसळली.

"कधी कुणी मागितलीच नाही हो ही सूट. कुणी मागणार नाही याची खात्री होती, म्हणून तर खात्याने ठेवली." ते जरा घुटमळले. "माझ्या आईकडे एक किटली पाठवायची होती. निळी. चार वर्षं झाली, मला काही जाणं जमलं नाही. आत्या जातील ना?"

"पण आत्या तुमच्या आईची नातेवाईक कुठे आहे?"

"नातेवाईक कोण, ते परिपत्रकात सांगायचं राहून गेलंय. जे राहून जातं ते खिडकीने ठरवायचं असतं."

त्यांनी आमच्याच टेबलावर फॉर्म भरला. 'नात्याचे स्वरूप' या रकान्यात लिहिले: चार दिवस राहते व गेल्यावर घर सुने लागते. मग खिशातून शिक्का काढून मारला. शिक्का ते घरूनच घेऊन आले होते.

त्या शिक्क्यावर आमचे दुकान तरले. वर्ष संपले तरी बायको विमा कंपनीची पायरी चढली नाही. आता ऑर्डरी इतक्या असतात की आत्या महिन्यातून दोनदाच घरी येते, तेही कपडे धुवायला.

फक्त एक गोष्ट बायकोला खटकत होती. एकाच बाईंनी तीन महिन्यांत तीन किटल्या मागवल्या होत्या.

"एकट्या बाईंना तीन किटल्या कशाला लागतात हो, आत्या? फुटतात की काय माझ्या?"

"फुटायला आधी उघडायला नकोत? खोकी जशीच्या तशी आहेत. त्या चहा पीतच नाहीत."

बायको हिरमुसली. एवढ्या निगुतीने झिलई चढवायची आणि समोरच्याने बघायचीसुद्धा नाही म्हणजे काय! पण आत्याचे सांगून झाले नव्हते. त्या तीन खोक्यांशेजारी आणखी पुष्कळ खोकी होती. रक्तदाब मोजायचे यंत्र, पाय शेकायची पिशवी, बिनतेलाने तळायचे यंत्र. तीही बंदच. पाठवणारे पोटचे लेकरू. सगळ्यांवर 'पोहोच मोफत' असे ठळक छापलेले.

"दर महिन्याला एक येतं," त्या आत्याला म्हणाल्या होत्या. "आणणारा सही घेतो आणि पळतो. तुमच्या किटलीसोबत निदान माणूस येतं."

ग्राहकांची नावे बाहेर सांगायची नाहीत असा आमच्या दुकानाचा नियम आहे आणि तो आम्ही मोडणार नाही. म्हणून, तुम्ही हे वाचत असलात तरी, तुमच्या आईचे नाव इथे घेत नाही. भिंतीवर तुमचा शाळेतला फोटो आहे, पुढचा एक दात पडलेला, एवढेच आत्याने सांगितले. काल त्यांची चौथी ऑर्डर आली. आत्या पुढचे दोन महिने मोकळी नाही. मामा आहेत, पण ते घोरतात हे त्यांनी आधीच वाचले आहे. 'घेऊन कोण येतंय ते कळवा,' असे त्यांनी खाली लिहिले आहे.

आम्ही काय कळवू?